हिमबिबट्याच्या मागावर: परभणी ते किब्बर, उणे वीस अंशांची तयारी

डिसेंबरात रात्रपाळीची लाईट असली की हरभऱ्याला पाणी द्यायला जावंच लागतं. ज्यानं एकदा तरी पहाटे तीनला दारं धरली आहेत, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यांत वळवलं आहे, त्याला थंडीबद्दल एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. हवा कितीही गार असो, पाय कोरडे आहेत तोवर माणूस तग धरतो. चिखलात पाय गेला, पँट पोटरीपर्यंत भिजली, की मग शेकोटीजवळ बसूनही तासभर दात वाजत राहतात.

हिमाचलात स्पितीच्या खोऱ्यात, किब्बर गावी, फेब्रुवारीत हिमबिबट्या पाहायला जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मी परभणीचा. सुरुवात जायकवाडीच्या पाणपक्ष्यांपासून झाली आणि मग दोनदा किब्बरला जाऊन आलो. पहिल्या वेळी जी चूक केली ती नेमकी दारं धरण्यातली होती. फक्त पाणी पाटातलं नव्हतं, माझ्याच अंगातलं होतं. वाडीबाहेरच्या चढावर भराभर चढलो, आतलं सुती बनियन घामानं चिंब झालं आणि वर कड्यावर वारा अंगावर घेत बसलो. पाऊण तासात हात इतके थरथरू लागले की दुर्बीण डोळ्याला लावता येईना. सोबतच्या गाववाल्या माग्यानं, म्हणजे माग काढणाऱ्यानं, एक शब्द न बोलता माझी चेन उघडली, बनियन काढायला लावलं आणि स्वतःच्या पिशवीतला कोरडा लोकरी सदरा दिला. त्या दिवसापासून माझी सगळी तयारी एकाच प्रश्नाभोवती फिरते: कोरडं कसं राहायचं?

आधी शिकारीबद्दल

घरात अजूनही 'शिकारीला निघालास का' असं विचारतात. बंदुकीची शिकार आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली आणि हिमबिबट्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे सर्वांत कडक संरक्षण. पण माग काढणं, वारा बघून बसणं, दबा धरून तासन्‌तास न हलणं ही शिकाऱ्याची सगळी विद्या इथे लागते. फरक एवढाच की शेवटी हातात कॅमेरा असतो, आणि जनावर जिथे होतं तिथेच राहतं.

२०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी मोजणीत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज आला. त्यातले ४७७ लडाखात आणि ५१ हिमाचलात. एवढी थोडी संख्या आणि एवढा मोठा डोंगर. तरीही हिवाळ्यात तो दिसण्याची शक्यता वाढते, कारण बर्फामुळे भरल आणि आयबेक्स या डोंगरी रानमेंढ्या-रानशेळ्या, म्हणजे त्याचं भक्ष्य, खाली गावांच्या आसपास उतरतं. भक्ष्याच्या मागे तोही उतरतो. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्यांच्या मीलनाचा काळ. या दिवसांत ते जास्त हिंडतात, खडकांवर खुणा करतात, आवाज देतात. म्हणून ज्या दिवसांत थंडी सर्वांत वाईट, त्याच दिवसांत जावं लागतं.

किती दिवस, कुठल्या वाटेनं

परभणी ते परभणी पंधरा दिवस धरा. बारा दिवसांत उरकतो असं म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. वाचवलेले ते तीन दिवस उंचीला सराव होण्याचे असतात.

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर अशी आपल्याच दारातून जाते. तिनं दुसऱ्या दिवशी अंबाल्याला उतरायचं आणि पुढे रस्त्यानं शिमल्याला. मनालीकडून कुंझुम खिंडीतून येणारा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. त्यामुळे शिमला, रामपूर, किन्नौर हीच वाट, आणि ते बरंच आहे. विमान आणि भाड्याची गाडी करून धावत वर जाणाऱ्यापेक्षा या लांबच्या वाटेनं जाणारा हळूहळू चढतो.

परभणी समुद्रसपाटीपासून जेमतेम ४०० मीटरवर. किब्बर ४,२०० मीटरच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच मिळतो. नियम साधा आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीनचार दिवसांनी एक दिवस थांबायचं. मी मुक्काम असे करतो: शिमला एक रात्र, कल्पा दोन रात्री (साधारण २,९५० मीटर), ताबो एक रात्र (३,२८० च्या आसपास), काझा दोन रात्री (३,६५०), मग किब्बर. काझाच्या दुसऱ्या दिवशी गाडीनं वर किब्बरला जाऊन दोनतीन तास फिरायचं आणि झोपायला परत खाली यायचं. शरीराला उंचीची ओळख होते आणि रात्र सुखाची जाते. ताबोचा मुक्काम चुकवू नका. तिथला मातीचा बौद्ध मठ इसवी सन ९९६ चा आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या मुलखातल्या माणसानं त्याच्या भिंतीवरची चित्रं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं मत आहे.

नाकोजवळच्या मलिंग नाल्याच्या पट्ट्यात दरड किंवा बर्फ येऊन रस्ता अडतो. म्हणून परतीचं रेल्वे तिकीट काढताना मध्ये दोन मोकळे दिवस ठेवा. गाडी आणि चालक तिकडचाच घ्या. इथून स्वतःची गाडी नेऊ नका. आपल्या पंपावरचं डिझेल त्या थंडीत गोठू लागतं, आणि काळ्या गुळगुळीत बर्फावर ब्रेक कसा मारायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

दिवाळीपासून सुरू करा

फेब्रुवारीत जायचं तर दिवाळीचा फराळ संपला की व्यायाम सुरू. परभणी-नांदेड-लातूर भागात चढ नाहीत ही खरी अडचण. मी जवळच्या एका तीन मजली इमारतीचा जिना वापरतो. पाठीवर आधी चार किलो, मग वाढवत दहा किलो, आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटं. महिन्यातून एकदा देवगिरी किल्ला किंवा माहूरचा डोंगर, पाठीवर पिशवी घेऊन. चढताना नाकानं श्वास घेता येईल आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग. हा वेग अंगवळणी पाडणं हाच खरा व्यायाम. दम लागेपर्यंत पळणाऱ्याला घाम येतो आणि तिथे घाम परवडत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. तंदुरुस्त माणसाला उंची बाधत नाही हे खरं नाही. उलट तरणीबांड पोरं दम आहे म्हणून भराभर वर जातात आणि पहिल्याच रात्री डोकं धरून बसतात.

डॉक्टरांकडे महिनाभर आधी जा. रक्तदाब, हृदय, दमा, मधुमेह, जे असेल ते सांगा आणि 'चार हजार मीटरवर राहायला चाललोय' हे स्पष्ट सांगा. उंचीच्या त्रासासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी दिली जाते. ती घ्यायची का, किती घ्यायची, हे त्यांनाच ठरवू द्या, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा. गोळीचं पाकीट मित्राकडून उसनं घेऊन जाऊ नका.

कपडे: आतून बाहेर

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. म्हणून पहिला नियम: अंगाला लागून सुती काहीही नको. बनियन नाही, सुती चड्डी नाही, सुती मोजे नाहीत. जीन्स तर घरीच ठेवा.

सर्वांत आत मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा अंगाबरोबर बसणारा सदरा आणि पायजमा. असे दोन जोड न्या. एक चालताना, दुसरा वर पोचल्यावर बसण्यासाठी. त्याच्यावर फ्लीसचा, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचा, कोट. त्यावर पिसांचं म्हणजे डाऊनचं जाड जॅकेट, आणि सर्वांत वर वारा अडवणारं पातळ कवच. वाऱ्याला कमी लेखू नका. उणे १५ अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २६ सारखी लागते.

लोकरीचं मोल आपल्याकडच्या धनगरांना कुणी सांगायला नको. घोंगडं दवात ओलं झालं तरी ऊब देत राहतं आणि वाकळ ओली झाली की नुसतं ओझं होते. तोच फरक मेरिनो आणि सुती बनियनमध्ये आहे. मी एक जुनं घोंगडं कापून हातभर तुकडा नेतो, बसायला फोमच्या चटईवर टाकण्यासाठी. ओझं थोडं वाढतं, पण मला ते हवं असतं.

आता वापरायची पद्धत, कारण कपडे बहुतेकांकडे असतात आणि तरी ते गारठतात. चालायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजली पाहिजे. जाड जॅकेट पिशवीत, अंगावर फक्त आतला सदरा, फ्लीस आणि कवच. दहा मिनिटांत ऊब येते. घाम फुटतोय असं वाटलं की थांबा, चेन उघडा, टोपी काढा. बसायच्या जागी पोचलात की आडोसा बघून लगेच, गारठा जाणवायच्या आधी, आतला सदरा बदला आणि जाड जॅकेट चढवा. उणे पंधरात उघडं होणं भीतिदायक वाटतं, पण ते तीस सेकंदांचं काम आहे आणि त्यावर पुढचे चार तास उभे असतात.

डोक्याला माकडटोपी, आजोबांची असते तशीच, पण लोकरीची आणि नाक झाकणारी. हातात दोन थर: आत पातळ बोटांचे मोजे, कॅमेऱ्याची बटणं दाबण्यासाठी, आणि बाहेर चार बोटं एकत्र राहतील असे जाड पिशवीसारखे हातमोजे. बोटं एकमेकांना चिकटून असली की एकमेकांना ऊब देतात. हे बाहेरचे मोजे दोरीनं मनगटाला बांधा. कड्यावरून एक मोजा खाली गेला तर तो दिवस संपला.

पाय हा सगळ्यात नाजूक विषय. परभणीत असे बूट मिळत नाहीत, पुण्याहून आणावे लागतात किंवा भाड्यानं घ्यावे लागतात. पहिल्या वेळी दुकानदारानं 'घट्ट असले की गरम राहतात' असं सांगून नेहमीच्या मापाचे दिले आणि मी विश्वास ठेवला. ते चुकीचं आहे. घट्ट बुटात रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि ऊब धरून ठेवणारी हवाही उरत नाही. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा घालून बघा. आत अंगठा मोकळा हलला पाहिजे. रात्री बुटातले मोजे आणि आतलं अस्तर काढून वाळवा. झोपताना घालायचा मोज्यांचा जोड वेगळा ठेवा आणि त्यानं जमिनीवर एक पाऊलही टाकू नका.

हात गरम करायच्या पुड्या मिळतात. त्यांच्यात लोखंडाची भुकटी असते आणि ती हवेतला प्राणवायू घेऊन तापते. म्हणून बंद बुटात कोंबली की ती थंड पडते आणि वर मुळातच प्राणवायू कमी. बुटांपेक्षा हातमोज्यात आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांशेजारच्या खिशात त्यांचा उपयोग जास्त.

घरच्या फ्रीजमध्ये चाचणी

घरातल्या फ्रीजच्या वरच्या खणात साधारण उणे १८ अंश असतात. म्हणजे किब्बरची रात्र स्वयंपाकघरातच आहे. मी जायच्या महिनाभर आधी एक बॅटरी, हेडटॉर्च, पेन आणि पाण्याची बाटली त्यात रात्रभर ठेवतो. बॅटरी हवाबंद पिशवीत घालून ठेवायची, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. गोठणबिंदूखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती आतून कायमची बिघडते. पहाटे पिशवी काढून बघा: कुठला टॉर्च पेटतो, बाटलीचं झाकण उघडतं का, पेनातली शाई उतरते का. पेन उतरत नाही. पेन्सिल न्या.

दुसरी चाचणी शेतात. डिसेंबरच्या शेवटी एखाद्या पहाटे, चार वाजता, सगळा जामानिमा घालून बांधावर जाऊन बसा. परभणीत एखाद्या वर्षी पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेवढा आपल्याला पुरेसा आहे. नऊपर्यंत उठायचं नाही. मोजे घालून, अंधारात, कॅमेरा पिशवीतून काढायचा, बॅटरी बदलायची, परत ठेवायचा. कुठली चेन हातमोज्यानं पकडता येत नाही ते तेव्हाच कळतं, मग तिला दोरीचं बोंडूक बांधा. कुठला कपडा खाकेत काचतो, लघवीला जायला किती वेळ लागतो, हेही तेव्हाच कळतं. घरचे हसतील. हसू द्या.

डबा

थंडी शरीरातलं इंधन खाते आणि उंची भूक मारते. या दोन्हींच्या मध्ये माणूस अशक्त होतो. म्हणून जे समोर आलं की हात आपोआप जातो तेच न्या. प्रवासाच्या पहिल्या दोन दिवसांसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. वरच्यासाठी डिंकाचे लाडू, तीळगूळ, खजूर, भाजलेले शेंगदाणे, सुकं खोबरं. तीळ, तूप आणि शेंगदाण्यातल्या स्निग्धानं ऊब बराच वेळ टिकते. आपल्याकडे संक्रांतीला बाजरीच्या भाकरीसोबत तीळ का खातात हे तिथे बसल्यावर पोटाला कळतं. हुरडा सोडून जावं लागतं, हे दुःख आहे, पण त्याला इलाज नाही.

लाडू लिंबाएवढे लहान वळा. मोठा लाडू गोठून दगड होतो आणि दात दुखावतो. दोन तासांना पुरतील एवढे आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. चॉकलेटचंही तसंच.

पाणी दिवसाला तीन ते चार लिटर. तहान लागणार नाही, तरी प्यायचं. कोरड्या थंड हवेत प्रत्येक श्वासातून पाणी जातं आणि त्याची कमतरता डोकेदुखी होऊन समोर येते, मग ती उंचीची की तहानेची हे ओळखता येत नाही. स्टीलच्या थर्मासमध्ये गरम पाणी, आणि साधी बाटली असेल तर लोकरी मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, उलट्या बाटलीत तो बुडाशी राहतो आणि झाकण उघडतं. किब्बरमध्ये नळ गोठलेले असतात, पाणी घरचे लोक आणून तापवतात. ते जपून वापरा. अंघोळ हा विषयच नाही.

दारू नको. रक्तवाहिन्या रुंदावल्यानं अंगाला ऊब आल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर पडत असते.

कॅमेरा

थंडीत बॅटरी निम्म्यावर येते असं धरून चाला. मी चार नेतो, एक कॅमेऱ्यात आणि तीन आतल्या सदऱ्याच्या खिशात. संपलेली बॅटरी अंगाजवळ ठेवून ऊब दिली तर परत थोडी चालते. मोबाइललाही तोच न्याय.

सगळ्यात जास्त नुकसान थंडीनं होत नाही, परत आल्यावर खोलीत होतं. उणे पंधरातला कॅमेरा तंदूर (तिकडची खोली तापवायची शेगडी) पेटलेल्या खोलीत उघडला की त्याच्यावर आणि आत दव धरतं. बाहेरच असताना कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला, पिशवी खोलीच्या गार कोपऱ्यात ठेवा आणि दोन तास हात लावू नका. कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायची घाई कॅमेऱ्यावर येत नाही.

ट्रायपॉडच्या धातूच्या पायांना फोम किंवा जुन्या कापडाची पट्टी गुंडाळा. उघडी बोटं धातूला चिकटतात. बर्फात कॅमेरा फसतो आणि बर्फ राखाडी आणतो, म्हणून एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड द्या. अंतर मात्र कुठल्याही लेन्सनं पूर्ण भरून निघत नाही. बरेचदा तो समोरच्या डोंगरावर अर्ध्या किलोमीटरवर असतो, खडकाच्या रंगाचा. ५०० किंवा ६०० मिलिमीटरची लेन्स असली तर उत्तम. पण लेन्ससाठी कर्ज काढू नका. चांगली दुर्बीण न्या आणि गावातल्या माग्याच्या मोठ्या दुर्बिणीतून बघा. ते बघणं फोटोपेक्षा मोठं आहे असं मला मनापासून वाटतं.

तिथे, कड्यावर

माग्या गावातलाच घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. किब्बरच्या लोकांनी आपल्या कुरणाचा काही भाग चराई थांबवून भरलसाठी मोकळा सोडला आहे, आणि हिमबिबट्यानं जनावर मारलं तर भरपाई मिळावी म्हणून गावाचा सामुदायिक विमाही उभा केला आहे. ज्याचा याक मेला तोच माणूस आपल्याला तो बिबट्या दाखवतो. २०२० मध्ये बीडच्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा आपल्या भागात काय भीती पसरली होती ते आठवा, म्हणजे या माणसांनी काय स्वीकारलंय याची किंमत कळेल.

माग्या पहाटेच निघून भरलच्या कळपांवरून नजर फिरवतो. कळप एकाच दिशेनं टक लावून उभा असला, गिधाडं आणि डोमकावळे एका जागी घिरट्या घालत असले, तर तिथे काहीतरी आहे. शिकार केल्यावर हिमबिबट्या दोनतीन दिवस, कधी जास्तही, तिच्याजवळच राहतो, म्हणून शिकारीची बातमी आली की सगळी वेळापत्रकं बाजूला. त्याच्या दिशेनं चालत जायचं नाही. त्याला शिकार सोडून जायला लावलं, तर त्या गोठलेल्या डोंगरावर त्याला पुन्हा शिकार करावी लागते आणि ती प्रत्येक वेळी साधत नाही.

बसताना बुटांखालीही फोमचा तुकडा ठेवा, ढुंगणाखाली तर हवाच. बर्फ खालून ऊब ओढतो. दर वीस मिनिटांनी बुटातल्या बुटात बोटं हलवा, खांदे फिरवा. काळा चष्मा सूर्य असेपर्यंत काढू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि त्यानं डोळे रात्री वाळू गेल्यासारखे जळतात. नाकाच्या खालच्या बाजूलाही उन्हापासून वाचवणारं मलम लावा, तिथे खालून ऊन लागतं.

धोक्याच्या खुणा

या ओळी सोबत्यालाही वाचायला द्या, कारण त्रास होणाऱ्याला स्वतःचा त्रास कळत नाही.

डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं: हा उंचीचा साधा त्रास. तिथेच थांबा, वर जाऊ नका. एका दिवसात उतरला नाही तर खाली जा. माणूस सरळ रेषेत टाच-बोट जुळवून चालू शकत नाही, बरळतो, किंवा बसल्या जागी धाप लागते, खोकल्यातून फेस येतो: मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साठतंय. प्राणवायू लावा आणि रात्र असो वा बर्फ, त्याच क्षणी खाली न्या. 'सकाळी बघू' हा निर्णय जीव घेतो.

अंगातली थंडी आधी हुडहुडीनं सांगते. मग शब्द अडखळतात, पाय अडखळतात. हुडहुडी आपोआप थांबली आणि माणूस शांत झाला तर ती सुधारणा नव्हे, सर्वांत वाईट खूण आहे. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गोड गरम प्यायला द्या, वैद्यकीय मदत बोलवा.

बोट पांढरं, बधिर आणि कडक झालं तर चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका, तंदुराला लावून शेकू नका. बधिर कातडीला चटका कळत नाही. आडोशाला जाऊन दुसऱ्याच्या उबदार काखेत धरा. रंग परत येईना तर दवाखाना. कोमट पाण्यात, ३७ ते ३९ अंशांच्या, तेव्हाच बुडवायचं जेव्हा ते पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल.

आणि खोलीबद्दल एक. रात्री सिगडी किंवा निखारे आत घेऊन दार-खिडकी बंद करून झोपू नका. कोळशाचा विषारी वायू वासाशिवाय मारतो, आपल्याकडच्या हिवाळ्यातही मारतो. तंदुराला धुराडं असलं तरी झोपण्याआधी तो विझू द्या आणि एक फट उघडी ठेवा. रात्री लघवीसाठी रुंद तोंडाची, खूण केलेली बाटली पांघरुणाजवळ असू द्या. उणे वीसमध्ये बाहेरच्या सुक्या संडासापर्यंत जायच्या भीतीनं लोक संध्याकाळपासून पाणी पिणंच सोडतात आणि सकाळी डोकं धरतात.

परत आल्यावर

आपण मार्चच्या सुरुवातीला परत येतो तेव्हा परभणीत पंखे लागलेले असतात. पहिले दोनतीन दिवस ऊन सहन होत नाही, दुपारी शेतात जाऊ नका. सामान लगेच उघडा. बुटांतून अस्तर काढून सावलीत वाळवा. पिसांचं जॅकेट साबणाच्या पावडरीत भिजवू नका, त्यासाठीचा सौम्य साबण वेगळा मिळतो. ते दाबून पिशवीतही ठेवू नका, पिसं दबून त्यांची फुगण्याची ताकद जाते. मोठ्या सुती पिशवीत सैल घालून कपाटात टांगा. पावसाळ्यात आत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका आणि दसऱ्याला एकदा काढून झटका.